बारा मणके जोडलेल्या पाठीसाठी भरून घेतलेली गादी

गादी सहा बाय तीनची, पाच इंच जाड, चौदा किलो कापसाची. कापूस २०० रुपये किलोने २,८०० रुपये, भराई आणि टाके मिळून ९००. खोळीचं कापड मी घरून नेलं होतं. म्हणजे एकूण ३,७०० रुपये. गेल्या वर्षी फेब्रुवारीत घेतली. तिच्यावर एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा काढून आता लिहिते आहे, कारण चार रात्री झोपून गादीबद्दल मत देऊ नये हे मला आधीच्या गादीने शिकवलं.

दुकान अमळनेरला, बोरी नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही, नुसतं ‘गादी कारखाना’ लिहिलंय. चाचा, चाची आणि त्यांचा मुलगा असे तिघं मिळून काम करतात.

आधी माझ्या पाठीबद्दल सांगते, नाहीतर हे कुणाच्या उपयोगाचं ते कळायचं नाही.

मी चौदा वर्षांची असताना आई माझं पोलकं शिवत होती. तीही शिलाईचंच काम करायची, मीही तेच करते. उजव्या बाजूची पाठ डाव्यापेक्षा पाऊण इंच जास्त भरली. आईला वाटलं माप चुकलं. तिने तीनदा टेप लावला. मग मला पुढे वाकायला सांगितलं, तर उजव्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आलेल्या. एक्स-रेमध्ये पाठीचा कणा ५६ अंशांनी वळलेला निघाला. स्कोलिओसिस. हा कोन १० अंशांच्या पुढे गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि वाढत्या वयात ४५-५० च्या पुढे गेला की सर्जन साधारणपणे ऑपरेशनचं बोलतात. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोरगी कमरेवर कळशी वाहते म्हणून झालं. ते खरं नव्हतं. या वयातल्या बहुतेक मुलींमध्ये कारण सापडतच नाही. कळशीने किंवा दप्तराने कणा असा वळत नाही. पण आई पुढची कित्येक वर्षं ती कळशी मनात धरून होती. म्हणून हे इथे मुद्दाम लिहिते आहे. कुणाची आई वाचत असेल तर तिने ते ओझं खाली ठेवावं.

२००० साली मुंबईत ऑपरेशन झालं. टायटॅनियमच्या दोन सळया, स्क्रू आणि हूक. छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्यापर्यंत बारा मणके एकमेकांना जोडले. कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे काढून मधे भरले, आणि ते सगळं मिळून काही महिन्यांत एक सलग हाड झालं. कोन २४ अंशांवर आला. उंची दीड इंच वाढली, आईने सगळ्या ड्रेसचे काठ सोडले. त्या ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही. ते झालं नसतं तर कणा वळतच गेला असता.

पहिली बारा-तेरा वर्षं मी जवळजवळ विसरून गेले होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर दुखणं सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. सकाळी चप्पल पायात सरकवण्याआधी कॉट धरून उभं राहायचं. दुपारी चारनंतर मशीनवरून उठायचं तर हात टेकवून. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळताना ओट्याला पोट लावून. दोन वर्षांपूर्वी नवीन एक्स-रे आणि एमआरआय झाला. सळया शाबूत, एकही स्क्रू सैल नाही. डॉक्टरांनी चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, खालची गादी झिजलीय.

मणक्यांच्या मधल्या चकतीला आपण गादी म्हणतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला हे नीट कळलं पाहिजे, म्हणून सांगते. माझे बारा मणके वाकत नाहीत. खाली मोकळे उरलेत ते कमरेचे चौथा आणि पाचवा. वाकणं, वळणं, कूस बदलणं, एसटीच्या मागच्या सीटवरचे धक्के, जे आधी सगळ्या पाठीत वाटलं जायचं ते आता या दोन मणक्यांच्या आसपासच्या गाद्यांवर येतं. त्या लवकर झिजू शकतात. सगळ्यांच्या झिजतात असं नाही, माझी झिजली. ती अशी सहज बदलून मिळत नाही. जिच्यावर झोपते ती बदलता येते.

२०२२ च्या जानेवारीत मी मेमरी फोमची गादी ऑनलाइन मागवली होती, १४,५०० रुपयांची. कंपनीचं नाव लिहीत नाही. थंडीत ती छान वाटली. हा फोम १९६६ साली अमेरिकेत नासाच्या कामातून निघाला, आणि त्याचा गुणच असा की अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि आकार घेतो. आता विचार करा, खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर असतो आणि रात्री भिंतीसुद्धा गरम लागतात. गादी अंगाच्या उबेची वाट कशाला बघेल? माझं बूड खाली रुतायचं. वरची पाठ सळयांमुळे फळीसारखी सरळ, आणि खालचे दोन मणके त्या खड्ड्यात लोंबकळत. रात्री तीनला जाग यायची ती पहाटेपर्यंत. शंभर रात्रींत परत करायची सोय होती. शंभर रात्री एप्रिलच्या मध्यात संपल्या आणि खरा उन्हाळा त्यानंतर लागला. कंपनीने मुदत संपली म्हणून कळवलं.

मग सगळे म्हणाले, जमिनीवर झोप. सासूबाई तर रोज सकाळी विचारायच्या, “कथा दुखस, माय?” (कुठे दुखतं) आणि मी बोटाने दाखवलं की म्हणायच्या, चटईवर पड. त्यांच्या मायेला मी नाही कशी म्हणू? तीन आठवडे जळगावी चटईवर झोपले. ऑपरेशन होऊनही उजव्या बरगड्यांचा उंचवटा थोडा राहिलाच आहे. कडक जमिनीवर सगळा भार त्याच्यावर यायचा, डावा खांदा अर्धा इंच हवेत. आणि जमिनीवरून उठणं हे ज्यांची पाठ वाकते त्यांना समजणार नाही. आधी लाकडाच्या ओंडक्यासारखं पूर्ण कुशीवर व्हायचं, मग गुडघ्यावर, मग कॉटचा पाय धरून वर.

धुळ्याला फिजिओथेरपीसाठी जायचे तेव्हा तिथल्या ताईंनी सांगितलं की पाठदुखीला एकदम कडक गादी चांगली हा समज जुना आहे. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात स्पेनमधला अभ्यास आला होता. नेहमी कंबर दुखणाऱ्या ३१३ लोकांना ९० दिवस दोन प्रकारच्या गाद्यांवर झोपवलं, आणि कडकपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. ते लोक माझ्यासारखे सळयावाले नव्हते, हेही ताईंनी स्पष्ट सांगितलं. आणि दुकानात ‘ऑर्थोपेडिक’ असं छापलेलं असतं तो कुठल्या डॉक्टरी तपासणीचा शिक्का नसतो. तो शब्द कुणीही छापू शकतं. हे ऐकल्यावर मी दुकानांतल्या पाट्या वाचणं सोडलं आणि गादी भरून घ्यायचं ठरवलं. ब्लाउज मी कुणाला तयार घेऊ देत नाही, मग स्वतःला गादी तयार का घेऊ?

आता दुकान.

दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. पहिल्या दिवशी चाचांच्या मुलाने खाली येऊन खांदा पुढे केला, न सांगता. आत भिंतीवर चाचांच्या वडिलांची धुनकी टांगलेली आहे. ते गावोगाव फिरून दारात कापूस पिंजायचे. आता पिंजायचं यंत्र आहे, पण धुनकी शोभेची नाही. तिचं काम पुढे सांगते.

मी चाचांना पाठीची सगळी हकिगत सांगितली, मोबाइलमधला एक्स-रे दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. बऱ्याच लोकांना हा फोटो दाखवला की ते “अरे बापरे” म्हणतात आणि मला त्यांची समजूत काढावी लागते. चाचांनी एकच विचारलं, “झोपल्यावर कुठे टोचतं आणि कुठे पोकळ राहतं?” पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मग चाची मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. जमिनीवर नाही, तख्तपोसावर खोळ अंथरली होती, तिच्यात सैलसा कापूस भरलेला. “पड बेटी.” मी उताणी पडले आणि चाचींनी माझ्या पाठीखालून हात घालून घालून बघितलं. कमरेखाली अख्खा तळहात जात होता. उजव्या खांद्याच्या पात्याखाली बोटसुद्धा जात नव्हतं. मग कुशीवर व्हायला सांगितलं, परत हात. खुणा करायला खडू लागला, तो माझ्याच पर्समधला दिला. मी रोज दुसऱ्यांच्या अंगावर माप घेते. आईनंतर माझ्या पाठीचं माप पहिल्यांदाच कुणी असं घेतलं, आणि तिथे पडल्या पडल्या मला रडू आलं. चाची काही बोलल्या नाहीत. हात काढून घेतला नाही, थांबून राहिल्या.

गादी कशी भरली ते नीट सांगते, कारण दुसऱ्या गावात कुणाला असं भरून घ्यायचं असेल तर सांगता आलं पाहिजे. खाली आठ किलोचा थर आखूड धाग्याच्या देशी कापसाचा, दाबून बसवलेला. देशी कापूस जाडाभरडा असतो, दाबला तरी परत उसळतो, म्हणून गादीला तोच चांगला. पण २००२ साली बीटी आल्यापासून आपल्याकडे देशी फार कमी झाला. चाचा तो ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेऊन ठेवतात आणि संपला की स्पष्ट संपला म्हणून सांगतात. वर सहा किलोचा थर नेहमीच्या लांब धाग्याच्या रुईचा. त्यातला शेवटचा तीन किलो चाचांनी धुनकीवर पिंजला. यंत्राच्या दातांत धागा तुटतो आणि धुनकीने नुसता मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. मला हाताला फरक जाणवला.

उजव्या पात्याच्या जागी नऊ बाय सात इंचांत कापूस कमी ठेवला. कमरेच्या पोकळीखाली अर्धा किलो जास्त. बुडाखाली टाके जवळ जवळ, चार इंचांवर, म्हणजे तो भाग घट्ट राहतो. बाकी ठिकाणी सहा इंचांवर. दाभणाचा प्रत्येक टाका आरपार आणि वर दोऱ्याची गाठ, सुटा धागा एकही नाही. शिलाईच्या बाबतीत मी सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाही. या टाक्यांचं करते. उरलेल्या कापसाचा चाचींनी छोटा लोड करून दिला, उताणं झोपताना गुडघ्याखाली घ्यायला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

कापूस आधी बघून घ्या. चाचा स्वतः मूठभर काढून देतात. रंगीत धागे दिसले तर तो चिंध्या फोडून केलेला कापूस, तो सहा महिन्यांत गोळा होतो. झटकल्यावर धूळ उडाली, सरकीचे काळे तुकडे दिसले, तेलाचा वास आला तर घेऊ नका.

चार दिवसांत देतो म्हणाले होते, अकरा दिवस लागले. लगीनसराई होती, नवरीकडच्या गाद्यांची रांग. अकरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तारीख पाळता येणार नसेल तर आधीच सांगावं, एवढं मी चाचांना तोंडावर म्हटलं. त्यांनी मान्य केलं.

आणि पहिली भराई फसली. दोन आठवड्यांत कमरेखालचा जास्तीचा कापूस सरकून बुडाकडे गेला, आणि जिथे आधार हवा तिथेच परत पोकळ. निरोप दिला तर मुलगा हातगाडी घेऊन आला आणि गादी घेऊन गेला. चाचांनी शिवण उसवली, कापूस जागेवर आणला आणि त्या भागाभोवती आडवे टाके घालून त्याला कप्प्यासारखा बंद केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गादी घरी. पैसे विचारले तर म्हणाले, “माप आमचंच चुकलं.”

त्यानंतर तो कापूस हललेला नाही.

फरक किती पडला? दुखणं गेलेलं नाही. संध्याकाळी मशीनवरून उठताना ते पूर्वीसारखंच असतं. बदललंय ते रात्रीचं आणि सकाळचं. तीनला येणारी जाग आता आठवड्यात एखाद-दुसऱ्या रात्री. सकाळचा ताठरपणा आधी तासभर टिकायचा, आता वीसेक मिनिटं. कूस बदलताना बूड रुतत नाही, त्यामुळे खांदा आणि कंबर एकदम फिरवता येतात, खालच्या मणक्यांना पीळ बसत नाही. मे महिन्यात गादी गरम झाली नाही. रोज उठून मुलीची वेणी उभ्याने घालते, तेही आधी जमत नव्हतं. तिची पाठही दर सहा महिन्यांनी वाकवून बघते, कारण हे घराण्यात येऊ शकतं. अजून तरी सरळ आहे. व्यायाम चालू आहे, डॉक्टरांच्या गोळ्या लागल्या तर घेते. गादी त्यांच्या जागी नाही. आणि कुणाला पायात नव्याने बधिरपणा आला, पाय लुळा वाटला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर गादीचा विचार करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

या गादीचा त्रासही आहे, तो लपवत नाही. चौदा किलो मी उचलू शकत नाही आणि उचलूही नये. कापसाला ऊन लागतं. “कापूसले ऊन लागस, बेन,” हे चाचांनी निघताना दोनदा सांगितलं. दर पंधरा दिवसांनी मिस्टर आणि मुलगा ती धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, नेतात. उन्हाळ्यात शेजारणी एका बाजूला बिबड्या वाळत घालतात, दुसऱ्या बाजूला माझी गादी. पावसाळ्यात पाच आठवडे ऊन मिळालं नाही तेव्हा तिला दमट वास येऊ लागला. पंख्याखाली उभी करून ठेवली, तरी पूर्ण गेला नाही तो गणपतीनंतरच्या उन्हातच गेला. ज्या बाईच्या घरी उचलायला कुणी नाही तिने चौदा किलोची एक गादी न घेता सात-सात किलोच्या दोन पातळ गाद्या भरून एकीवर एक टाकाव्यात. हे मी चाचांना विचारून लिहिते आहे, ते करून देतात.

शिवाय माझी गादी उलटसुलट करता येत नाही. डोक्याच्या बाजूला लाल दोऱ्याची खूण आहे, कारण खांद्याची जागा ठरलेली. नेहमीची गादी फिरवत राहिलं की सारखी दबते, ही एकाच जागी दबते. आठव्या महिन्यात बुडाखाली बसल्यासारखी वाटायला लागली. दिवाळीनंतर परत पिंजून भरली, मजुरी ६०० आणि एक किलो नवा कापूस. दर वर्षी हा खर्च धरून चला. दम्याचा त्रास असलेल्यांनी दुकानात आत जाऊ नये, यंत्र चालू असताना हवेत कापूस उडत असतो. पावती मागितली तर साध्या कागदावर लिहून देतात. गॅरंटी नाही. गावाबाहेर पोहोच नाही, टेम्पो आपण करायचा.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या अकरा दिवसांचा कापला.

जाणार असाल तर लग्नाचे महिने टाळा. शुक्रवारी दुपारी बंद असतं. बायकांनी चारनंतर जावं, तेव्हा चाची असतात. माप त्याच घेतात. आणि घरातली जुनी गादी टाकून देऊ नका, सोबत न्या. ती कुठे दबलीय आणि कुठे तशीच कोरी राहिलीय ते बघून चाचींना अर्धं माप तिथेच कळतं. माझी फोमची नेली होती. त्यांनी ती जमिनीवर पसरली, खड्ड्यावर हात फिरवला आणि मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, “तू उजव्या कुशीवर झोपतच नाहीस ना?”